बाबांच्या डगल्यात

ज्या दिवसाला मी आता शेवटचा म्हणते, तो आमचा सगळा दिवस कोला, ती चघळायची कडू फळं, निवडण्यात गेला.

दक्षिणेच्या जंगलातून निघालेल्या कोलाच्या टोपल्या तेव्हा आमच्या कुलबिला गावात चार-पाच दिवस टेकायच्या आणि मग गाढवांवर चढून उत्तरेकडे जायच्या. तेवढ्या दिवसांत फळांभोवती गुंडाळलेली ओली पानं बदलावी लागत. पान वाळलं की कोला सुरकुततो, फार ओलं राहिलं की बुरशी धरते, आणि एक किडका राहून गेला तर शेजारचे दहा घेऊन जातो. हे बायकांचं काम. बाबा गावाचे नाआ, म्हणजे मुखिया. त्यांनी बैठकीत कातड्याच्या आसनावर बसायचं आणि लोकांचे तंटे ऐकायचे. पण तंटा नसला की ते माझ्यासमोर येऊन पाय पसरून बसत आणि टोपलीत हात घालत.

त्या दिवशी उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. ओठ फुटले होते, डोळ्यांत धूळ होती. बाबांनी एक फळ नखाने सोललं.

"हा बघ. वरून राजा, आत भुसा. थेट तुझ्या सासऱ्यासारखा."

"ते गेले, बाबा. आता तरी सोडा त्यांना."

"गेला म्हणून आतून भरला का तो?"

मी हसले नाही. हसले की ते दिवसभर तेच बोलत.

"सकाळची पेज तशीच पडलीय तुमची."

"तुझी पेज आणि कुमासीच्या दूताचं भाषण, दोन्ही गार झाल्यावरच घशाखाली उतरतं."

तानी, माझ्या भावाची नऊ वर्षांची मुलगी, विहिरीवरून पानं भिजवून आणत होती. तिला जन्म देताना तिची आई गेली, तेव्हापासून ती माझ्याजवळच होती. मी विधवा होऊन माहेरी परतले होते, मूलबाळ नव्हतं. तिला सांभाळायचं कोणी, हा प्रश्न कोणाला पडला नाही. तिने पानं माझ्यापुढे टाकली आणि पुन्हा पळाली.

"तिकडे कसे ठेवायचे गं कोला?" बाबांनी विचारलं.

तिकडे म्हणजे कुमासीत, आमच्यावर हुकूम चालवणाऱ्या असांतेंच्या राजाच्या गावात. मी तिथे सात वर्षं होते.

"असेच. पानं जरा मोठी असायची."

"हं." त्यांनी हातातलं फळ बराच वेळ फिरवलं. "तू परत आलीस तेव्हा तुला आपल्या भाषेत पाणी मागता येत नव्हतं. बोट दाखवायचीस."

"आठवतं मला."

"मलाही," ते म्हणाले, आणि फळ चांगल्यांच्या ढिगात टाकलं. ते किडकं होतं. मी उचलून दुसरीकडे ठेवलं.

तीस वर्षांत त्या सात वर्षांबद्दल आम्ही एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी ते उठले नाहीत. मी पेज घेऊन गेले, दोनदा हाक मारली, वाडगा खाली ठेवला आणि त्यांचा हात हातात घेतला. मग बाहेर येऊन माझा भाऊ सुमानी याला बोलावलं. मुखियाच्या मरणाची बातमी आमच्यात लगेच सांगत नाहीत. दुपारपर्यंत आम्ही दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, नाआंना बरं नाही. खोटं बोलायची ती सवड मला बरी वाटली.

माझ्याकडे कातड्याच्या पिशवीत अकरा ग्रंथ आहेत. कुमासीत मी एका मुसलमान गुरुजींच्या घरी वाढले. राजाच्या दरबारात पत्रं लिहिणारा माणूस होता तो. मला अक्षरं त्याने दिली. व्याकरण, धर्मशास्त्र, जुन्या राज्यांच्या बखरी, सगळं आहे माझ्याकडे. शोकात मन कसं आवरावं यावर दोन आहेत. त्या आठवड्यांत मी दोन्ही पुन्हा वाचले. लिहिणाऱ्यांचं कोणी मेलेलं दिसत नव्हतं.

आमचं मोठं सुतक लगेच होत नाही. नातेवाईक आठ-आठ दिवस चालून येतात. ते जमेपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर मी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी कोनफळं उकडली, त्यांच्या घोड्यांना चारा दिला, प्रत्येकाला तेच सांगितलं: काही त्रास नाही झाला, झोपेतच गेले. टोपल्या येतच होत्या आणि त्यांची पानं बदलायची होतीच. संध्याकाळी कंबर धरून बसले की वाटे, उद्या कोणी येऊ नये. उद्या आणखी माणसं येत.

मग डगल्याचे तीन दिवस आले.

मुखिया गेला की त्याचा थोरला मुलगा नवा मुखिया बसेपर्यंत गाव सांभाळतो. थोरली मुलगी तीन दिवस बापाचा डगला आणि टोपी घालते. त्या तीन दिवसांत ती बाप असते. त्याच्यासारखी चालते, त्याच्यासारखी खोकते. लोक तिच्यापुढे येऊन बसतात आणि मेलेल्या माणसाला जे विचारायचं राहिलं ते विचारतात, भांडतात, माफी मागतात. तिने तो देईल तेच उत्तर द्यायचं. नक्कल बरोबर असली की शब्द बापाचा धरला जातो, आणि तो मोडत नाहीत. चुकली की म्हाताऱ्या बायका जिभेने चक् करतात आणि म्हणतात, हा तो नव्हे. मग तो शब्द वाऱ्यावर जातो.

मला डगला घातला बाबांच्या बहिणीने, अझारा आत्याने.

"हात वर कर. अगं असा? तो काय बाईसारखा हात वर करायचा?"

"मी बाईच आहे, आत्या."

"तीन दिवस नाहीस." तिने टोपी माझ्या डाव्या कानावर झुकवली, मागे सरून बघितलं आणि एकदम तोंड फिरवलं. "उभा राहिलाय मेला," ती म्हणाली. "कर घेईल आता माझ्याकडून."

पहिला दिवस बरा गेला. नातवंडांना आजोबाची थट्टा करायचा हक्क असतो; ती माझ्यामागे बाबांसारखी लंगडत फिरली. शेजारची एक बाई येऊन बसली आणि म्हणाली, "नाआ, ते शियाच्या तेलबियांचं झाड माझ्या हद्दीत की दिराच्या?" मी बाबांसारखा गुडघा चोळला, घसा खाकरला. "झाडाला विचारलंस का? तुम्ही दोघं त्याच्याखाली भांडता त्यापेक्षा ते जास्त बोलतं. एक वर्ष बिया तू वेच, एक वर्ष तो." बायका हसल्या आणि रडल्या. झाडाचा निकाल लागला.

मला ते जमत होतं. वर्षानुवर्षं मी त्या माणसाकडे बघत आले होते. पण दिवसभर दुसऱ्याच्या गुडघ्यांनी चालून मी इतकी दमले की संध्याकाळी डगल्यासकट भिंतीला टेकून बसले आणि तानीने माझे पाय चेपले.

"आत्या," ती म्हणाली, "कुमासी छान आहे ना?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच. तू तर काहीच म्हणत नाहीस. वाईट असतं तर म्हणाली असतीस ना?"

मी तिला विचारलं, हे आज कुठून निघालं. ती म्हणाली, तिचा बाप तिला नवे कपडे शिवतोय, लांबच्या प्रवासाचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमानीला धान्याच्या कणगीमागे गाठलं. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. बैठकीच्या दारात तीन आठवडे बसून त्याचाही चेहरा उतरला होता.

"तानीला पाठवतोस?"

"ताई, तुला माहीत नाही का? नवा मुखिया बसायचा तर घरातलं एक मूल तिकडे जातं. आपण कोलाचा रस्ता बंद करणार नाही याची ती खूण. बाबा बसले तेव्हा तू गेलीस. आता मलाच बसवायचं ठरलंय, तर माझी जाईल."

"नऊ वर्षांची आहे."

"तूही नऊचीच होतीस. काय वाईट झालं तुझं?" तो चिडला नव्हता, खरंच विचारत होता. "वाचायला शिकलीस. त्यांची भाषा शिकलीस. साऱ्या रस्त्यावर व्यापारी तुझं नाव घेतात, पत्रं वाचून घ्यायला घोड्यावरून उतरतात. मी इथे राहिलो आणि काय शिकलो? गाढवं हाकायला. खरं सांगू? लहानपणी मला वाटायचं, बाबांचं तुझ्यावर जास्त प्रेम म्हणून तुला पाठवलं."

मी गप्प राहिले. सवयच होती. मी कणगीला हात टेकून उभी राहिले, आणि तो समजला की मला पटलं.

माझ्या गप्प बसण्यातून यांनी एवढं सगळं बांधलं होतं. मी तक्रार केली नाही म्हणून मी सुखी होते. मी सुखी होते म्हणून तानी होईल. माझे अकरा ग्रंथ त्याला साक्षीदार होते, आणि ते खोटेही नव्हते. कुमासीत मला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. गुरुजींच्या बायकोने मला स्वतःच्या मुलींशेजारी निजवलं. फक्त दरवर्षी कोरड्या दिवसांत उत्तरेकडची माणसं खंडणी घेऊन यायची, गुरंढोरं, कापड, आणि दोरीला बांधलेली माणसं. तेव्हा मी वेशीपाशी जाऊन उभी राहायचे आणि ती आणणाऱ्यांत बाबा शोधायचे. सहाव्या वर्षी जायचं सोडलं. सातव्या वर्षी त्यांनी मला परत धाडलं, आणि तोवर मला पाण्याला आमच्यात काय म्हणतात ते आठवेनासं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी क्वाकु अनिम आला. असांतेंच्या राजाचा दूत, गावाच्या दक्षिण टोकाला बारा वर्षं राहिलेला. गाठोड्यातून त्याने सुतकाचं कापड काढून ठेवलं, दारूची सुरई ठेवली, आणि तिवईवर बसताना कण्हला. सगळं गाव अंगणात होतं. आत बैठकीत बाबांचं कातडं रिकामं पसरलेलं होतं आणि मी त्याच्याशेजारी डगल्यात बसले होते. तानी नव्या कपड्यांत बापाजवळ उभी होती.

अनिम आमची भाषा बोलतो, पण प्रत्येक शब्द ओल्या जमिनीतून उपटल्यासारखा. "नाआ," तो मला म्हणाला, "तू चांगला माणूस होतास. माझ्याशी कधी खरं बोलला नाहीस, पण वेळेवर जेवायला घातलंस."

मी गुडघा चोळला. "तू कधी पोट भरलं म्हणालास का?"

लोक हसले. तोही हसला, मग सुमानीकडे वळला. "मूल तयार आहे?"

"आहे," सुमानी म्हणाला.

तेव्हा मी बाबांसारखा घसा खाकरला. टोपी सारखी केली. त्यांच्या आवाजात, त्यांच्याच ठेक्यात म्हणाले, "तानी जाणार नाही. मी नाही म्हणतोय."

मी अझारा आत्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. तिने मान खाली घातली आणि जिभेने चक् केलं.

"हा तो नव्हे," ती हळूच म्हणाली.

तिच्यामागे दुसरीने केलं, मग तिसरीने.

"ताई," सुमानी म्हणाला, "बाबांच्या तोंडी भलतं घालू नकोस. त्यांनी तुला स्वतः उचलून गाढवावर बसवलं. मी बघितलंय. मी रडत होतो, ते नाही रडले. हे वाक्य त्यांचं नाही."

त्याचं खरं होतं. म्हाताऱ्यांचंही खरं होतं. तीन दिवसांत मी एकदाच चुकले होते, आणि चूक कुठे झाली ते अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाबांनी हे कधीच म्हटलं नव्हतं. म्हणायला हवं होतं, तेव्हाही नाही.

मी माझ्या आवाजात, अनिमच्या भाषेत म्हणाले, "मग मी येते. मला ने. मला रस्ता माहीत आहे."

अनिमने डोळे चोळले. "बाई, तुला नेऊन काय करू? मोठं माणूस पोचल्या दिवसापासून परतीची वाट बघतं. मूल विसरतं, रुळतं. म्हणून मूल." मग आमच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला कोणीतरी एक लहान द्या रे. माझे गुडघे गेलेत. याला पोचवलं की मी घरी राहणार आहे. लहान नाही मिळालं तर टोपल्या दुसऱ्या वाटेने जातील, त्याला माझा इलाज नाही."

ते ऐकून अंगणातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्या टोपल्यांवर अख्खं गाव जगत होतं.

सुमानीने तानीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढे केलं. ढकललं नाही, नुसता हात ठेवला. तानी दोन पावलं आली आणि माझ्याकडे वळून हसली. मला वाईट वाटू नये म्हणून हसली असावी. मी ते हसू ओळखलं. गाढवावर बसून मीही तसंच हसले होते.

मी टोपी काढली.

"टोपी!" अझारा आत्या ओरडली. "अगं सूर्य मावळायचाय अजून! टोपी घाल!"

मी टोपी कातड्यावर ठेवली. डगला सोडवायला दोन माणसं लागतात, तो अंगावर तसाच राहिला. उभी राहिले तेव्हा गुडघे माझे स्वतःचे होते.

"आता मी बोलतेय," मी म्हणाले. "सनातू. बाबा नाहीत."

"ताई, बस खाली," सुमानी म्हणाला.

"मला जायचं नव्हतं."

मी अंगणाकडे तोंड केलं.

"तुम्ही सगळे म्हणता, सनातू गेली आणि शहाणी होऊन आली. मी नऊ वर्षांची होते आणि मला जायचं नव्हतं. मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मी तिथे पहिल्या दिवसापासून परतीची वाट बघत होते. मूल विसरत नाही. मूल बोलायचं सोडतं. परत आल्यावरही मी तेच केलं, आणि तुम्ही त्याला सुख म्हणालात. माझे ग्रंथ घ्या हवे तर. ते शिकल्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पण त्यांच्यासाठी हिला पाठवू नका. माझं नाव पुढे करून तर मुळीच नको."

सुमानी माझ्याकडे बघत राहिला. "तीस वर्षं," तो म्हणाला. "तीस वर्षांत एकदा तरी बोलायचं होतंस, ताई."

"हो. बोलायचं होतं."

त्याने खाली बघितलं. तानीच्या पाठीवरचा हात तिच्या खांद्यावर आला आणि त्याने तिला मागे, स्वतःजवळ ओढलं. अनिमला तो म्हणाला, "दुसरं काही मागा. घोडा मागा. दोन मागा. हे नाही."

"टोपल्या जातील," अनिम थकल्या आवाजात म्हणाला.

"जातील तर जातील."

कोणी ओरडलं, कोणी उठून गेलं. मी ऐकत होते, पण माझं तोंड दुसरीकडे होतं. मी बैठकीतल्या त्या रिकाम्या कातड्यापुढे बसले, त्यांच्यासमोर बसायचे तशी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बाबा, मी दर वर्षी वेशीवर उभी राहायचे. तुम्ही मला न्यायला यायला हवं होतं."